‘देवाघरी कुठले विमान जाते?’ : वाचकांचे प्रश्न

मुलांशी अवघड विषयांवर कसे बोलावे, अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे वर्षभर येत असतात. त्यांपैकी चार या अंकासाठी निवडली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. तीन घरांत मुलाने प्रश्न आधीच विचारलेला आहे आणि चारही घरांत मोठी माणसे उत्तरापाशी अडली आहेत.

प्रश्न : आम्ही मस्कतला राहतो. मुलगा पाच वर्षांचा आहे. दीड महिन्यापूर्वी माझे सासरे साताऱ्याला वारले. मिस्टर लगेच निघाले, मी आणि मुलगा येथेच राहिलो. अंत्यविधी मी व्हिडिओ कॉलवर पाहिला, तेव्हा मुलाला शेजारच्या खोलीत कार्टून लावून बसवले होते; पण माझे रडणे त्याने ऐकले. ‘आजोबा देवाघरी गेले’ असे मी त्याला सांगितले. आता तो रोज विचारतो, की देवाघरी कुठले विमान जाते आणि आपण तिकीट कधी काढणार. नणंदबाई त्याला फोनवर ‘आजोबा शांत झोपलेत’ असे म्हणाल्या, तेव्हापासून तो एकटा झोपायला तयार नाही.

उत्तर : तुमचा मुलगा गोंधळलेला नाही. मोठ्यांनी जे सांगितले ते त्याने शब्दशः खरे मानले आणि त्यावरून नीट विचार केला. ज्या घरात बाबा विमानाने जातात आणि विमानानेच परत येतात, त्या घरातल्या मुलाला ‘गेले’ या शब्दाचा दुसरा अर्थ कळावा कसा? अशुभ टाळून बोलण्याची आपल्या भाषेची रीत जुनी आहे. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ असे म्हणतो. या रीतीत माया आहे आणि ती सोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु तिच्यामागचा अर्थ मोठ्यांना आधी ठाऊक असतो म्हणून ती त्यांना पुरते, आणि मुलाला तो कुणी सांगितलेलाच नसतो. हंगेरीतील मारिया नॅगी यांचा मुलांच्या मृत्युविषयक कल्पनांवरील अभ्यास 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही पाच वर्षांच्या आतली मुले मृत्यूला प्रवास किंवा झोप समजतात आणि माणूस परत येईल असे धरून चालतात, असेच आढळले होते. आपल्या ‘गेले’ आणि ‘झोपले’ या दोन शब्दांनी नेमक्या याच दोन समजुती पक्क्या होतात.

म्हणून एकदा सरळ सांगा : “आजोबा वारले. वारले म्हणजे त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही. ते परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येते, म्हणून त्या दिवशी मी रडले.” एवढे झाल्यावर, तुमची श्रद्धा असेल तर देवाघराविषयीही अवश्य बोला, मात्र ‘आपण असं मानतो’ या शब्दांत. झोपेचे मात्र लगेच दुरुस्त करा. झोपलेला माणूस सकाळी उठतो, आजोबांचे तसे नव्हते आणि आत्याला दुःखामुळे नीट सांगता आले नाही, असे त्याला सांगा. पुढचे काही दिवस त्याच्या शेजारी झोपावे लागले तर झोपा.

कॉलविषयी तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. पुढे कधी असा प्रसंग आला तर मुलाला आधी काय दिसेल ते सांगावे, पाहायचे की नाही ते त्याला ठरवू द्यावे आणि एक माणूस फक्त त्याच्यासाठी मोकळा ठेवावा. सुटीत साताऱ्याला जाल तेव्हा आजोबांची खुर्ची रिकामी असेल आणि भिंतीवर हार घातलेला फोटो असेल. घरात शिरण्यापूर्वी हे त्याला सांगून ठेवा. तो पुन्हा तिकिटाचे विचारील. तेव्हा तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या.

प्रश्न : माझ्या दादाने दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली. पाच एकर कोरडवाहू शेती, लागोपाठ दोन हंगाम सोयाबीन हातचे गेलेले, सोसायटीचे आणि त्यावर सावकाराचे कर्ज. भाचा तेव्हा सात वर्षांचा होता. वहिनी गावी शेत सांभाळते आणि भाचा शाळेसाठी तालुक्याच्या गावी माझ्याकडे असतो. त्याला बाबांचा अपघात झाला असे सांगितले आहे. गेल्या महिन्यात तो शाळेतून आला, पाठीवरचे दप्तर न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “आत्या, बाबांचा अपघात कुठल्या रस्त्यावर झाला?” मी काहीतरी सांगून विषय बदलला. वहिनी म्हणते, मोठा झाल्यावर सांगू. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या त्या दाराशी मी बराच वेळ थांबले. नऊ वर्षांच्या मुलाला रस्त्याचे नाव जाणून घ्यायचे नसते. त्याच्या कानावर काहीतरी आले आहे, बहुधा शाळेत, आणि खरे काय ते विचारायला त्याने तुमची निवड केली आहे. त्याने सरळ विचारले नाही, कारण सरळ विचारलेले या घरात चालेल की नाही याचा त्याला अंदाज नाही. तुम्ही विषय बदलला आणि त्याला तो अंदाज मिळाला. आता तो तुम्हाला विचारणार नाही. शाळेतल्या पोरांना विचारील.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे : त्याला खरे सांगायला हवे आणि ते लवकर सांगायला हवे. परंतु ते वहिनींच्या संमतीने आणि शक्यतो त्यांच्या तोंडून. वहिनींना वाटणारी भीती समजण्यासारखी आहे. हे वाक्य त्यांनी आजवर स्वतःशीही पुरते उच्चारले नसेल. तुम्ही आधी दोघी बसा, वाक्ये ठरवा आणि ती मोठ्याने म्हणून पाहा. ऐन वेळी त्यांचा आवाज फुटला नाही तर त्यांनी मुलाचा हात धरावा आणि तुम्ही बोलावे. परीक्षेचा किंवा सणाचा दिवस नको. आणि सांगून झाल्यावर त्याच संध्याकाळी वहिनींना परतीची एसटी गाठायची आहे, असेही नको. पुढचे दोन-तीन दिवस त्या तुमच्याकडे राहतील अशी सोय करा.

शब्द साधारण असे असावेत : “तू त्या दिवशी रस्त्याचं विचारलंस. आम्ही तुला अपघात झाला असं सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. बाबांनी आत्महत्या केली, म्हणजे स्वतःचा जीव स्वतः संपवला. त्यांचं मन फार आजारी झालं होतं. तेव्हा त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही. मार्ग होता, मदत मिळाली असती, पण त्यांना ते दिसलं नाही. तू लहान होतास आणि आम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं, म्हणून आम्ही खोटं बोललो. आमचं चुकलं.” शेवटचे वाक्य गाळू नका. दोन वर्षे जी माणसे खोटे बोलली त्यांच्यावर आजपासून का विश्वास ठेवायचा, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच, आणि माफी हे त्याचे उत्तर आहे. कसे, कुठे, कशाने, याचे वर्णन करू नका. त्याने विचारले तर एका छोट्या खऱ्या वाक्यात सांगून थांबा.

‘कर्जाने जीव घेतला’ हे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खोटे नाही आणि त्यातल्या अन्यायाबद्दलचा राग मलाही आहे. तरी मुलाला एवढेच कारण सांगू नये. आई उद्या पीककर्जासाठी बँकेत गेली की ते मूल रात्री जागे राहील. कर्ज होते, पीक गेले होते, मन खचले होते, मदत पोचली नाही, असे सगळे मिळून घडले, हे त्याला कळू शकते.

त्याच्या मनात आणखी एक प्रश्न असण्याची शक्यता फार आहे आणि तो प्रश्न मुलगा कधीच उच्चारणार नाही : हे माझ्यामुळे तर झाले नाही? सात वर्षांच्या मुलाने त्या आठवड्यात नव्या बुटांचा हट्ट धरलेला असतो, मार खाल्लेला असतो, अबोला धरलेला असतो. त्याच्या हिशेबात त्या हट्टाची आणि बाबांच्या जाण्याची सांगड बसते. म्हणून त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगा : “तू काही केलंस म्हणून किंवा केलं नाहीस म्हणून हे झालं नाही. बाबांचा तुझ्यावर जीव होता.” वहिनींनी हेही सांगावे, की आई तब्येत सांभाळते, तिला वाईट वाटले तर ती आत्याशी बोलते आणि आईला काही झाले तरी त्याला सांभाळायला अमुक अमुक माणसे आहेत. त्या माणसांची नावे घ्या. नावे ऐकली की मुलाला आधार वाटतो.

शाळेत काय बोलायचे ते त्याच्याबरोबर ठरवा. ‘माझे बाबा वारले, मला त्यावर बोलायचं नाही’ एवढे वाक्य त्याच्यापाशी तयार असले तरी तो वर्गात ताठ उभा राहू शकतो. वर्गशिक्षकांनाही तुम्ही भेटा. मूल पहिल्या वेळी न रडता खेळायला निघून जाईल आणि पंधरा दिवसांनी भाकरी खाताना अचानक पुढचा प्रश्न विचारील. दुःख घोटाघोटाने घेण्याची ती त्याची पद्धत आहे. परंतु झोप उडाली, अभ्यास आणि खेळ दोन्ही सुटले, किंवा ‘मलाही बाबांकडे जायचंय’ असे तो म्हणाला, तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. मरावेसे वाटते का, असे शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट ओझे हलके होते. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचीही मदत घ्या. हा क्रमांक तुमच्यासाठी आणि वहिनींसाठीही आहे. तुमचा दादा गेला आहे, आणि पूर्ण पत्रात तुम्ही स्वतःविषयी एक ओळही लिहिलेली नाही.

सांगायचे सांगून झाले की दादांविषयी इतरही बोला : बैलांना ते काय म्हणून हाक मारत, लहानपणी तुम्हाला शाळेत कसे सोडत असत. कसे मेले या एका वाक्यापुरते मुलाचे वडील उरू नयेत.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेत ‘गुड टच, बॅड टच’ शिकवल्यापासून ती आजोबांनाही जवळ येऊ देत नाही, आणि सासूबाई म्हणतात की शाळेने पोरीच्या डोक्यात नको ते भरवले. शिवाय शरीराच्या त्या भागांना घरात काय म्हणायचे, हेच मला कळत नाही. (ठाणे)

उत्तर : दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण खरी अडचण तेथे आहे. आपल्याकडे त्या अवयवांसाठी एकतर पुस्तकी संस्कृत शब्द आहेत किंवा शिव्या आहेत; मधल्या जागी बाळबोलीतले लाडके शब्द आणि ‘शी-शूची जागा’. पाळीचेही तसेच झाले. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’ असे पिढ्यान् पिढ्या म्हटले गेले आणि मुली त्या कावळ्याला शोधत मोठ्या झाल्या. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून या विषयांवर स्वच्छ मराठीत लिहिले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. प्रश्नोत्तरांचे सदर लिहिताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. तुमच्या मुलीला ‘योनी’, ‘शिश्न’, ‘छाती’, ‘कुल्ले’ हे शब्द कोपर आणि गुडघा यांच्याबरोबरीने, आंघोळ घालताना सांगा. पहिल्यांदा तुमची जीभ अडखळेल, तिची अडखळणार नाही. काही विपरीत घडले तर ‘तिथे’ म्हणणाऱ्या मुलीपेक्षा नाव घेऊन सांगणाऱ्या मुलीचे म्हणणे नेमके कळते.

‘चांगला’ आणि ‘वाईट’ स्पर्श ही विभागणी मला पुरेशी वाटत नाही. फसवणारा माणूस दुखवून सुरुवात करीत नाही; गुदगुल्या, मांडीवर बसवणे, चॉकलेट असेच सारे असते, आणि मुलाला तो स्पर्श वाईट वाटतोच असे नाही. उलट डॉक्टरांचे इंजेक्शन दुखते म्हणून ते ‘वाईट’ ठरते. त्याऐवजी नियम सांगा : चड्डीच्या आतले अवयव तुझे आहेत, आंघोळ घालताना आई, बाबा किंवा आजी स्वच्छ करतील, आई समोर असताना डॉक्टर तपासतील, बाकी कुणी पाहायचे नाही, हात लावायचा नाही आणि तुला लावायला सांगायचे नाही. आणि ‘आईला सांगू नको’ असे कुणीही म्हटले, तर तेच सर्वांत आधी आईला सांगायचे.

आता आजोबा. ती दूर का होते, हे तिला एकटीला जवळ घेऊन, उत्तर न सुचवता विचारा. बहुतेक वेळा नवा शिकलेला नियम मूल सगळ्यांवर लावून पाहत असते आणि चार आठवड्यांत निवळते. परंतु विचारायचे टाळू नका. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या देशव्यापी पाहणीत 53.22 टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले होते आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. घरातल्यांची चौकशी करणे हा त्यांचा अपमान नव्हे. काही वावगे नसले, तर आजोबांनाच सांगा की तिला ओढून जवळ घेऊ नका, टाळी द्या, ती आपण होऊन येईल. मिठी किंवा पापा नको म्हणण्याची मोकळीक तिला आजोबांपाशीच मिळाली, तर ती बाहेरही नाही म्हणू शकेल. आणि सासूबाईंना, मोकळ्या वेळी, त्यांच्या लहानपणी अशा गोष्टी कुणी सांगितल्या होत्या का, ते विचारून पाहा. त्या कदाचित बराच वेळ बोलतील.

तिने खरोखर काही सांगितले, तर चेहरा शांत ठेवा. “सांगितलंस ते फार बरं केलंस, तुझी चूक नाही” एवढे आधी म्हणा. तेच तेच खोदून विचारू नका आणि त्या व्यक्तीसमोर तिला उभी करू नका. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळलेल्या मोठ्या माणसाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलीचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि तिची ओळख उघड करता येत नाही. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते.

प्रश्न : आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींसाठी सासूबाईंच्या वेळेपासून वेगळा कप आहे. तो खिडकीत असतो. परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलाने मावशींसमोरच विचारले, “आई, मावशींचा कप आपल्या कपांबरोबर का नाही ठेवत?” मी म्हटले, तो त्यांचा आवडता कप आहे. मावशी काही बोलल्या नाहीत. जातीपातीविषयी इतक्या लहान मुलाशी कसे बोलावे?

उत्तर : तुमच्या मुलाने जातीविषयी विचारलेले नाही, कपाविषयी विचारले आहे. जोवर कप खिडकीत आहे तोवर तुम्ही जातीविषयी कितीही चांगले बोललात तरी तो कपाकडून शिकेल. म्हणून आधी कप, मग बोलणे.

बोलताना असे सांगता येईल : “काही माणसं जन्मावरून वरची आणि काही खालची, असं आपल्याकडे फार वर्षं मानत. त्यांना वेगळं बसवत, विहिरीवर पाणी भरू देत नसत. ते चूक होतं आणि अजूनही कुठे कुठे घडतं. आपल्या घरातही तो कप त्याच चुकीमुळे वेगळा होता, आणि मी तुला खोटं सांगितलं.” आठ वर्षांच्या मुलाला महाडची हकीकत नीट समजते : 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासह हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली, कारण ते तळे सर्वांचे असूनही त्यांना तेथे मज्जाव होता. पुढे राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, म्हणजे कुणाला असे वागवणे हा गुन्हा ठरला. एवढे पुरे. ‘आपली जात कोणती?’ असे त्याने विचारले, तर लपवू नका. सांगा, आणि त्यामुळे आपण कुणाहून वर किंवा खाली होत नाही हेही सांगा.

मावशींशीही तुम्हाला बोलायचे आहे. ते मुलासमोर करू नका, त्यांना आपल्या मुलाच्या धड्यासाठी वापरल्यासारखे होईल. त्या एकट्या असताना म्हणा, “मावशी, इतकी वर्षं तुमचा कप वेगळा ठेवला, आमचं चुकलं.” त्या ‘जाऊ द्या हो ताई’ म्हणतील किंवा पदराला हात पुसत भांड्यांकडे वळतील. त्यांनी तुम्हाला लगेच माफ करावे, अशी अपेक्षा धरू नका. दुसऱ्या दिवशी फळीवरचे चार कप काढा, चारांत चहा ओता, आणि मावशींना घोटभर बसून प्यायला खुर्ची सरकवून द्या.